अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोनदा परत आलं: इंग्रजी सुधारू की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे शेवटच्या वर्षाचे निवासी डॉक्टर आहेत. त्यांनी वॉर्डात प्रत्येक केसपेपरवर ‘लघवीची नळी अजून लागते का?’ असं विचारणारं स्टिकर लावायला सुरुवात केली, आणि आधीचे सहा महिने व नंतरचे सहा महिने यांची तुलना केली. अ‍ॅबस्ट्रॅक्ट (कामाचा तीनशे शब्दांतला सारांश) दोन कॉन्फरन्सनी कारण न देता नाकारलं. तिसरीची मुदत नऊ दिवसांवर आली आहे. शेवटच्या पाच आठवड्यांची माहिती अजून भरायची आहे. तीनशे शब्दांत थिसिस बसवायचा कसा, इंग्रजी एआयकडून सुधारून घ्यावं का, आणि ‘उर्वरित निकाल कॉन्फरन्समध्ये मांडले जातील’ असं लिहून चालेल का, हे त्यांना हवं आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते. त्या दोन कॉन्फरन्सनी का नाकारलं हे मला कळणं शक्य नाही. काही ठिकाणी बरं लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक अ‍ॅबस्ट्रॅक्ट पोस्टर म्हणून घेतात, तर काही ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि चांगलं कामही बाहेर राहतं. पण तुम्ही प्रश्नासोबत मसुदा टाकला आहे, आणि माझ्यापुढे तो आला असता तर मीही कमी गुण दिले असते. त्याचं कारण इंग्रजी नाही.

थिसिस तीनशे शब्दांत बसत नाही, आणि तो बसवायचाही नसतो. तुमच्या मसुद्यात मी मोजले, सहा गोष्टींचे निकाल आहेत: नळीचे दिवस, जंतुसंसर्ग, अँटिबायोटिकचा वापर, मुक्कामाचे दिवस, नर्सेसची मतं, खर्च. प्रत्येकाला एक वाक्य आलंय आणि एकालाही आकड्यांसाठी धड जागा मिळालेली नाही. थिसिसमध्ये हे सगळं हवंच, तिथे परीक्षक पानं उलटत बसतो. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये एक प्रश्न आणि त्याचं आकड्यांतलं एक उत्तर असतं. बाकीच्या गोष्टींची वेगळी अ‍ॅबस्ट्रॅक्ट होतील किंवा होणार नाहीत, तो पुढचा विषय.

वाचणारा कसा वाचतो ते सांगते, म्हणजे हा हट्ट का ते कळेल. रिव्ह्यूअर म्हणून एका कॉन्फरन्सला माझ्या वाट्याला साठ-सत्तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट येतात. ती दिवसाचं काम उरकल्यावर, रात्री वाचायची असतात. एकेकाला तीन-चार मिनिटं मिळतात. मी शीर्षक वाचते, मग उडी मारून निष्कर्षावर जाते, आणि त्या निष्कर्षाला आधार देणारा आकडा निकालात शोधते. तो सापडला तर वर जाऊन पद्धत नीट वाचते. नाही सापडला तर माझ्या मनात गुण जवळपास ठरलेले असतात. हे आदर्श नाही, पण माझ्याबरोबरचे बरेच जण असंच वाचतात.

तेव्हा लिहिण्याचा क्रमही तोच ठेवा. मी निवासी डॉक्टरांना आधी निकालाचं एकच वाक्य लिहायला लावते. आकड्यांसकट आणि अनिश्चिततेसकट. ते वाक्य जमेपर्यंत पार्श्वभूमीला हात लावायचा नाही.

तुमच्यावरच करून बघू. मसुद्यात तुम्ही खरे आकडे झाकले आहेत, ते बरं केलंत. मी उदाहरणापुरते मनाने आकडे घेते. समजा आधीच्या काळात २१२ रुग्ण होते, नंतरच्या काळात १९८. नळी राहिल्याच्या दिवसांचा मध्यक ५ वरून ३ वर आला. नळीशी संबंधित लघवीचा जंतुसंसर्ग आधी ११ जणांना झाला, नंतर ५ जणांना.

तुमच्या मसुद्यातला निष्कर्ष असा आहे: ‘स्टिकरमुळे जंतुसंसर्ग लक्षणीयरीत्या कमी झाला.’ अकराचे पाच झाले, निम्म्याहून कमी, म्हणजे ऐकायला छानच. आता भाजक धरा. २१२ पैकी ११ म्हणजे ५.२ टक्के आणि १९८ पैकी ५ म्हणजे २.५ टक्के. जोखमीचं गुणोत्तर (नंतरची जोखीम भागिले आधीची) ०.४९ येतं, आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं गुणोत्तर जिथे असू शकतं तो पट्टा, ०.१७ ते १.३८. एक हा आकडा, म्हणजे ‘काहीच फरक नाही’, त्या पट्ट्याच्या आत बसतो. संसर्ग खूप कमी झाला असेल, काहीच फरक पडला नसेल, किंवा थोडा वाढलाही असेल. एकूण सोळा घटनांवरून यापलीकडे काही सांगता येत नाही. ‘लक्षणीयरीत्या’ हा शब्द तिथेच पडतो.

याच आकड्यांत आणखी एक खाच आहे, आणि ती दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. संसर्ग-नियंत्रणवाले लोक हा संसर्ग रुग्णांमागे न मोजता दर हजार नळी-दिवसांमागे (सगळ्या रुग्णांचे नळीचे दिवस मिळून) मोजतात. समजा आधी एकूण ११९० नळी-दिवस भरले आणि नंतर ७६०. मग दर ९.२ वरून ६.६ वर आला. मघाशी घट निम्म्याची दिसत होती, आता तिसऱ्या हिश्श्याच्याही आत आली. रुग्ण तेच आणि संसर्गही तेवढेच, मग हे झालं कसं? तुमच्या स्टिकरने भाजकच कमी केला. शिवाय ज्यांची नळी लवकर निघते ते बहुधा कमी आजारी असतात. नळी उरते ती जास्त आजारी रुग्णांत, आणि उरलेल्या नळी-दिवसांत जोखीम दाटते. नळी लवकर काढणं हाच उपाय असेल तर नळी-दिवसांचा दर त्या उपायाचं यश झाकून टाकू शकतो. म्हणून कोणता भाजक घेतला ते लिहा, आणि शब्द उरत असतील तर दोन्ही द्या. परीक्षकांत एखादा संसर्ग-नियंत्रणवाला असेल तर त्याचा पहिला प्रश्न हाच असतो.

मग तुमच्याकडे ठोस काय आहे? नळीचे दिवस. ते नीट मोजले गेलेत, प्रत्येक रुग्णाचे आहेत आणि फरक स्पष्ट आहे. वाक्य साधारण असं होईल (आयक्यूआर म्हणजे मधले निम्मे रुग्ण ज्या पट्ट्यात येतात तो): ‘स्टिकर सुरू झाल्यानंतर नळी राहण्याचा मध्यक कालावधी ५ दिवसांवरून (आयक्यूआर ३ ते ८) ३ दिवसांवर (आयक्यूआर २ ते ५) आला. संसर्गाचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं, मात्र फरक ठरवण्याइतक्या घटना घडल्या नाहीत (जोखीम गुणोत्तर ०.४९, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१७ ते १.३८).’ वाचणाऱ्याला सगळं इथेच मिळालं. दुसऱ्या वाक्याने काम हलकं ठरेल असं तुम्हाला वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. ते वाक्य दिसलं की लिहिणाऱ्याला आपले आकडे कळतात एवढा विश्वास बसतो आणि मी एक गुण वाढवते.

मसुद्यात एक आकडा मात्र अजिबात नाही: नळी काढल्यावर किती जणांना ती पुन्हा घालावी लागली? लवकर काढण्याची मोहीम म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. केसपेपर तुमच्या हातात आहेत, नऊ दिवसांत तो काढता येईल. मुक्कामाचे दिवस आणि खर्च गाळून त्या जागी हे टाका.

निष्कर्ष फुगवण्याची सवय तुमच्या एकट्याची नाही. २०१० साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ज्यांच्या मुख्य निकालात सांख्यिकी फरक सापडला नव्हता अशा ७२ यादृच्छिक चाचण्या (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून केलेल्या) त्यात तपासल्या होत्या. त्यातल्या ५८ टक्के लेखांच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला निष्कर्ष निकालापेक्षा गोड करून मांडलेला होता. नियतकालिकांत छापून आलेल्यांची ही गत! त्यामुळे परीक्षक आता निष्कर्ष संशयानेच वाचतात.

‘मुळे’ या शब्दाबद्दलही बोलू. तुमचा अभ्यास आधी-नंतर तुलनेचा आहे, नियंत्रण गट नाही. त्या मधल्या काळात नवीन नर्सेस आल्या असतील, निवासी डॉक्टरांची तुकडी बदलली असेल, वॉर्डात वेगळ्या प्रकारचे रुग्ण आले असतील. म्हणून ‘स्टिकरमुळे’ नको, ‘स्टिकर सुरू झाल्यानंतर’ लिहा. महिन्यागणिक आकडे असतील आणि आधीच्या सहा महिन्यांत उतरता कल नव्हता असं दिसत असेल, तर ते अर्ध्या वाक्यात सांगा. तेवढ्याने तुमची बाजू बरीच भक्कम होते.

शब्दांचं बजेट. तुमच्या मसुद्यात पार्श्वभूमीवर नव्वदेक शब्द गेलेत, त्यातले निम्मे नळीचा संसर्ग किती महत्त्वाचा आहे हे पटवण्यात. वाचणाऱ्याला ते माहीत आहे. मी पार्श्वभूमीला ४०, उद्देशाला २५, पद्धतीला ८०, निकालाला ११५ आणि निष्कर्षाला ४० असे शब्द वाटते. यात पाच-दहा शब्द इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, फक्त निकाल सगळ्यात मोठा हवा. हे कप्पे कुठून आले तेही सांगते. १९८७ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये रचनाबद्ध अ‍ॅबस्ट्रॅक्टचा प्रस्ताव छापून आला. अभ्यास विश्वासार्ह आहे का आणि आपल्या रुग्णांना लागू पडतो का, हे वाचणाऱ्याला पटकन ठरवता यावं, हा त्यामागचा विचार होता. पद्धतीत काय ठेवायचं आणि काय गाळायचं याची कसोटीही तीच धरा. कुठल्या रुग्णांना घेतलं, कुठल्यांना वगळलं, संसर्गाची व्याख्या कोणती लावली आणि मुख्य निकाल कोणता ठरवला होता, एवढं हवं. सॉफ्टवेअरचं नाव आणि त्याची आवृत्ती नको. थिसिसमधून ते हटकून चिकटून येतं.

तपासायला तयार याद्याही आहेत. यादृच्छिक चाचणीच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टसाठी २००८ ची कन्सॉर्टची यादी आहे. ती नियतकालिक आणि कॉन्फरन्स दोन्हींसाठी केलेली आहे. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब. तुमचं काम खरं तर गुणवत्ता-सुधारणेचं आहे, त्याला २०१५ ची स्क्वायर २.० लागू पडते. तिथूनच पुढचा मुद्दा येतो. फॉर्ममध्ये तुम्ही ‘संसर्गजन्य आजार’ हा विभाग निवडला आहे. गुणवत्ता-सुधारणा किंवा रुग्णसुरक्षा असा विभाग असेल तर तिकडे टाका. संसर्गाच्या विभागात तुमची तुलना नवीन औषधांच्या आणि प्रतिकारक्षम जंतूंच्या अभ्यासांशी होणार, तिथे स्टिकर किरकोळ वाटतं. सुधारणेच्या विभागात तेच स्टिकर स्वस्त, सोपं आणि उद्या दुसऱ्या वॉर्डात लावता येईल असं काम ठरतं. विभाग चुकल्यामुळे चांगलं काम चुकीच्या माणसासमोर जातं, हे मी अनेकदा पाहिलंय. ओरल की पोस्टर असं विचारलं असेल तर ‘दोन्हींपैकी काहीही’ निवडा.

आता ‘उर्वरित निकाल कॉन्फरन्समध्ये मांडले जातील’. नको. हे वाक्य दिसलं की बहुतेक परीक्षक पुढे वाचत नाहीत, आणि बऱ्याच कॉन्फरन्सच्या नियमातच असं अ‍ॅबस्ट्रॅक्ट बाद आहे. अपवाद असतो तो चालू चाचण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या विभागाचा, किंवा उशिरा हाती आलेल्या महत्त्वाच्या निकालांसाठी दिलेल्या दुसऱ्या मुदतीचा. तुमच्यासारख्या अभ्यासात पाच आठवडे बाकी असतील तर दोन वाटा आहेत. दोन-तीन रात्री बसून केसपेपर भरून काढा. नाहीच जमलं तर जिथवर माहिती पूर्ण आहे त्या तारखेला रेघ मारा, ‘नंतरचे २१ आठवडे’ असं स्पष्ट लिहा, आणि पोस्टरवर पूर्ण आकडे देताना अ‍ॅबस्ट्रॅक्टनंतर किती रुग्ण वाढले ते सांगा. रेघ कुठे मारायची हे मात्र निकाल बघून ठरवू नका. हीच यादृच्छिक चाचणी असती तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे कॉन्फरन्सच्या मुदतीसाठी मधेच आकडे उघडून बघणं म्हणजे चाचणीलाच धक्का लावणं.

आकडे नेमके असावेत असा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) तीन लाखांहून अधिक कॉन्फरन्स अ‍ॅबस्ट्रॅक्टचं पुढे काय झालं ते एकत्र केलंय. पूर्ण लेख छापून आला तो जेमतेम ३७ टक्क्यांचा. म्हणजे तुमच्या कामाची कायमची नोंद ही तीनशे शब्दांचीच राहण्याची शक्यता बरीच आहे. उद्या कुणी या विषयाचा आढावा घेतला तर त्याला इथलेच आकडे उचलावे लागतील. आणि लेख होणार असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्टची आडकाठी नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, कॉन्फरन्समधल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टला किंवा पोस्टरला पूर्वप्रकाशन मानत नाही. तेच अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोन कॉन्फरन्सना पाठवावं का, हे मात्र प्रत्येकीच्या नियमावर आहे. आधी मांडलेलं काम काही ठिकाणी चालतं, बऱ्याच ठिकाणी नाही. तुमचं दोन्हीकडे नाकारलं गेलंय, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

एआय. भाषा गुळगुळीत करायला हरकत नाही. कॉन्फरन्स विचारत असेल तर वापर केल्याचं सांगा, आणि रुग्णांची माहिती त्यात घालू नका. पण माझ्या एका विद्यार्थ्याचं काय झालं ते ऐका. त्याने ‘संबंध आढळला’ असं सावध वाक्य दिलं होतं, सुधारून आलं ते ‘घट घडवून आणली’. इंग्रजी फर्डं आणि अर्थ चुकलेला. त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही शेवटच्या वाचनात आलं. सुधारलेला मजकूर मूळ मजकुराशेजारी ठेवून क्रियापदं तेवढी जुळवून बघा.

लेखकांच्या नावांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मसुद्यावर अकरा नावं आहेत म्हणून सांगते. आयसीएमजेईचे चार निकष आहेत: कामात खरा वाटा, लिखाणात किंवा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही लागतात. विभागप्रमुख या पदावर असणं हा पाचवा निकष नाही. घरचा मामला आहे, तो कसा हाताळायचा हे तुमच्या गाइडशी बोलून ठरवा. निदान प्रत्येकाने मजकूर वाचलाय, एवढं तरी बघा. बऱ्याच फॉर्ममध्ये तुम्ही सगळ्यांच्या वतीने तशी खूण करता.

एथिक्स कमिटीचंही तसंच. गुणवत्ता-सुधारणेच्या कामाला काही ठिकाणी पूर्ण मंजुरी लागत नाही, सूट मिळते. पण ती सूट कमिटीने द्यायची असते, आपण घ्यायची नसते. पत्र नसेल तर आजच अर्ज करा.

शेवटी फॉर्म, कारण चांगलं काम इथेही घसरतं. काही वर्षांपूर्वी माझ्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ‘पी < ०.००१’ असं होतं. तिथल्या फॉर्मला ‘<’ हे चिन्ह संगणकीय आज्ञा वाटली आणि त्याने तिथपासून पुढच्या ‘>’ पर्यंतचा मजकूर गिळला. छापील पुस्तिकेत माझ्या निकालाची दोन वाक्यं गायब. मजकूर ‘पी’वरून (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) थेट निष्कर्षावर आला. मी पूर्वावलोकन न बघताच बटण दाबलं होतं. तेव्हापासून मी चिन्हाऐवजी शब्दात लिहिते, आणि पूर्वावलोकनातला मजकूर परत कॉपी करून मूळ फाइलशी ताडून बघते. तसंच ‘पी = ०.०००’ लिहू नका. सॉफ्टवेअर तसं दाखवतं, पण ती शक्यता शून्य कधीच नसते. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची ते बघा. अक्षरांची असेल तर बहुधा मोकळ्या जागाही धरल्या जातात, आणि काही ठिकाणी शीर्षकही.

नऊ दिवसांचं म्हणाल तर, पहिले चार केसपेपर आणि पुन्हा नळी घातल्याचा आकडा यात जातील. पाचव्या दिवशी निकालाचं वाक्य, सहाव्याला बाकीचं. सातव्या दिवशी मजकूर या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या डॉक्टर मित्राला वाचायला द्या आणि काय सापडलं ते त्याला न बघता सांगायला लावा. तो अडखळला तर वाक्य बदला, त्याला समजावत बसू नका. आठव्या दिवशी सबमिट करा. मुदतीची वेळ आयोजकांच्या घड्याळाने असते आणि शेवटच्या दिवशी सर्व्हर रांगतो. पुष्टीचा ई-मेल आणि त्यातला क्रमांक आल्याशिवाय उठू नका. नुसतं ‘जतन केलं’ म्हणून मसुद्यातच राहून गेलेली अ‍ॅबस्ट्रॅक्ट दरवर्षी निघतात, आणि ती आमच्यापर्यंत येतच नाहीत.